रस्ता नाही, पण लीग आहे

"भाऊजी, आपल्या मोदींच्या पाया पडलेले ते पंतप्रधान आठवतात का हो तुम्हाला?"

मी कुंपणाची मेंदी कापत होतो. वहिनी गप्पांना प्रस्तावना करत नाहीत. एकदम मधूनच सुरुवात.

"जेम्स मारापे. पापुआ न्यू गिनीचे. २०२३ च्या मे महिन्यात, विमानतळावर."

"तेच. तर त्यांच्या देशाला आता ऑस्ट्रेलिया स्वतःच्या खिशातून रग्बीची टीम उभी करून देतोय. का, ते ऐकलंत तर कात्री खाली ठेवाल."

ठेवली. वहिनींची लेक त्या देशातल्या लाए शहरात असते, जावई तिथल्या विद्यापीठात शिकवतात. बाळंतपणाच्या निमित्ताने वहिनी तिकडे राहून आल्या आणि तेव्हापासून आमच्या गल्लीला त्या देशाचा भूगोल पाठ झालाय. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर बसलेलं बेट, त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि आजूबाजूची बेटं. आठशेच्या वर भाषा. रस्ते मात्र अगदीच थोडे.

"तिथं क्रिकेट नसतं का?" मी उगाच डिवचलं. उत्तर मला ठाऊक होतं, ते टी-२० विश्वचषकातही खेळलेत.

"असतं, पण राजधानी मोर्सबीच्या किनाऱ्यावरच्या गावांपुरतं. बाकी देशात विचारा, सगळ्यांच्या तोंडी एकच, लीग. रग्बी म्हटलं तरी ते दुरुस्त करतात, म्हणतात रग्बी लीग म्हणा. ती पंधरा जणांची निराळी, ही तेरा जणांची. आता ओरिजिनचंच घ्या."

ओरिजिन म्हणजे स्टेट ऑफ ओरिजिन. ऑस्ट्रेलियातली दोन राज्यं, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स, दरवर्षी तीन सामने खेळतात. १९८० साली सुरू झालं हे. क्वीन्सलँडचा रंग मरून, न्यू साउथ वेल्सचा निळा. माणूस पोटासाठी कुठल्याही क्लबात खेळो, त्या दिवशी त्याने आपल्या मूळ राज्याकडून उतरायचं, अशी कल्पना. भांडण सर्वस्वी ऑस्ट्रेलियाचं घरगुती. पण ते भांडलं जातं पापुआ न्यू गिनीत.

"लेकीच्या शेजारचंच घर सांगते. नवरा क्वीन्सलँडचा, बायको न्यू साउथ वेल्सची. जन्माने नव्हे हो, दोघंही डोंगरातले, चिंबू प्रांतातले. पण लग्नाच्या आधीपासून एक मरून, एक निळी. सामन्याच्या बुधवारी घरात दोन चुली. बायका पिशव्या विणतात ना दोऱ्याच्या, बिलूम म्हणतात, त्यासुद्धा आपापल्या रंगाच्या. बाजारात भाजीवालीच्या पाटीवर झेंडा, बसवर झेंडा. आणि दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस रिकामं."

"गंमत आहे."

"गंमत कसली? डोकी फुटतात. घरं जाळलीत लोकांनी, माणसं मेलीत. जावई तर सामन्याच्या रात्री गाडी बाहेर काढत नाहीत."

मी वहिनींना विचारलं, की परक्या देशाच्या दोन राज्यांसाठी हे लोक एकमेकांच्या जिवावर का उठतात. त्यांचं उत्तर मला अजून पटतंय. त्या म्हणाल्या, "आपल्या टोळीसाठी भांडलं तर पिढ्यान्‌पिढ्या बदला चालतो. तिथं उसनवारीची टोळी बरी वाटत असेल. पण उसनं म्हणता म्हणता तेही खरंच झालं बघा."

समाजशास्त्राची पुस्तकं लिहिणारे याच्या उलट सांगतात, की लीग हा टोळीयुद्धाचा सौम्य पर्याय आहे. मला ते फार सोयीचं वाटतं. टोळीयुद्धंही चालू आहेत आणि लीगही.

"पण आहे काय तो खेळ? मी टीव्हीवर पाहिला, तेव्हा नुसती ढकलाढकल."

"सोपा आहे. मला नातवाच्या आजोबांनी नाही, तिथल्या कामवालीने समजावला. आपली कबड्डीच समजा, फक्त दम धरायचा नाही आणि हातात चेंडू. पकडलं, पाडलं, की पडलेला उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, पुन्हा सुरू. अशा सहा पकडी. सहाव्यापर्यंत रेषेपलीकडे चेंडू टेकवला नाहीत तर चेंडू समोरच्यांचा. शिपाई माणसासारखा खेळ आहे. नियम कमी, मार जास्त."

शिपाई माणसाचा म्हणाल्या, ते अगदी नेमकं होतं, कारण हा खेळ जन्मालाच मजुरीच्या वादातून आला. मग मी माझ्याकडची माहिती काढली. वहिनींकडे आजची बातमी असते, माझ्याकडे शंभर वर्षांपूर्वीची, त्यामुळे आमचं जमतं.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशर-लँकेशरच्या पट्ट्यात, रग्बी खेळणारे म्हणजे गिरणीत आणि कोळशाच्या खाणीत राबणारे. शनिवारी सामना, आणि शनिवारीही कामाची पाळी. खेळायला गेलं की मजुरी बुडे. क्लब म्हणायचे, बुडालेली मजुरी भरून देऊ. लंडनकडचे खानदानी पुढारी म्हणायचे, पैसा घेतला तर खेळ भ्रष्ट होतो. ज्यांना शनिवारची मजुरी बुडण्याची भीती कधी नव्हती, त्यांना असं म्हणणं परवडत होतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि फुटून निघाले. लोकांनी तिकीट काढून यावं तर खेळ वेगवान हवा, म्हणून नियम बदलत गेले आणि १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले. १९०८ मध्ये सिडनीत याच तेराजणी रग्बीची स्पर्धा सुरू झाली. गोदीवाले, कामगार वस्त्या, मग वर क्वीन्सलँड. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर साहेबी रग्बी मागे पडली, मजुरांची पुढे गेली.

"आणि तिथून बोटीत बसून मोर्सबीला," वहिनी म्हणाल्या.

"बोटीत, आणि विमानातही."

ही विमानांची गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती मी वहिनींना सविस्तर ऐकवली. १९२६ मध्ये लाएच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, ईडी क्रीकला, सोनं सापडलं. ऑस्ट्रेलियन नशीब काढायला धावले. किनाऱ्यावरून वर जायचं म्हणजे जंगलातून आठवडाभराची चाल, हमालांच्या डोक्यावर ओझी, वाटेत हिवताप. रस्ता करायचा तर परवडेना. मग एका खाणकंपनीने डोकं चालवलं. बुलोलोच्या नदीपात्रातून सोनं उपसणारी अवाढव्य यंत्रं सुटी सुटी करून, जर्मन बनावटीच्या युंकर्स विमानांत घालून, लाएहून उडवत नेली आणि वर जोडली. १९३२ मध्ये पहिलं यंत्र चालू झालं, पुढे एकूण आठ झाली. त्या काळात न्यू गिनीच्या आकाशातून जेवढा माल गेला तेवढा उरलेल्या जगाच्या आकाशातून मिळून गेला नसेल, असं सांगतात. बैलगाडीची वाट नाही तिथे थेट विमान. आणि त्या सोन्याच्या छावण्यांतून सुट्टीच्या दिवशी रग्बी लीगचा चेंडू उडायला लागला.

नंतर युद्ध आलं. १९४२ मध्ये जपानी कोकोडाच्या डोंगरवाटेने मोर्सबीच्या दाराशी आले आणि तो भाग ऑस्ट्रेलियन सैनिकांनी भरून गेला. सैनिक जिथे तळ ठोकतात तिथे खेळ मागे ठेवून जातात. युद्ध संपल्यावर मोर्सबी, लाए, रबौल या गावांत रीतसर स्पर्धा सुरू झाल्या.

"सगळ्यांच्या?"

"छे. गोऱ्यांच्या. तिथल्या माणसांनी बघायचं. वेगळं खेळायचं तर खेळा, साहेबांच्या मैदानात नको. एकत्र खेळू देण्याची गोष्ट बरीच उशिरा, स्वातंत्र्य जवळ आल्यावर."

वहिनी थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणून पोरं अजून प्लॅस्टिकच्या बाटलीने खेळतात वाटतं. चेंडू कुणी दिलाच नव्हता."

चेंडू कुणी दिला नाही हे खरं. खेळ दिला, असं ऑस्ट्रेलियन लोक भाषणांत म्हणतात. पण मी जेवढं वाचलंय त्यावरून एवढंच दिसतं, की खेळ तिथे पडलेला होता आणि लोकांनी तो उचलला. उचलायची घाईही दांडगी. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य झाले. ६ जुलै १९७५ ला मोर्सबीत इंग्लंडविरुद्ध पहिला सामना, हरले ४०–१२ ने. देश स्वतंत्र झाला त्यानंतर, १६ सप्टेंबरला. म्हणजे देशाला राष्ट्रीय संघ आधी मिळाला, राष्ट्र दोन महिन्यांनी. संघाचं नाव 'कुमुल', तिथला स्वर्गीय पक्षी. झेंड्यावरही तोच. आणि तो झेंडा १९७१ मध्ये एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने, सुसान करिकेने, काढलेल्या चित्रावरून घेतलेला आहे.

"बघा, मुलगीच," वहिनी म्हणाल्या. मुलींचा विषय त्यांनी पुढे पुन्हा काढला, तेव्हा सांगतो.

दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, कुमुलांनी फ्रान्सला ३७–६ ने लोळवलं. १९८६ मध्ये मोर्सबीत न्यूझीलंडला २४–२२ ने हरवलं. मार खाण्याचेही दिवस भरपूर होते, ऑस्ट्रेलियापुढे तर विचारूच नका, तेव्हा नुसते विजय सांगितले तर खोटं चित्र होईल. पण १९९० चा गोरोका सांगायलाच हवा.

"गोरोका माहीत आहे मला. थंड हवेचं. कॉफीचे मळे. लाएहून गाडीने जाता येतं, पण लोक सांगतात, जाऊ नका. दरड, खड्डे आणि वाटमारी."

तो गोरोकाचा डोंगराळ भाग एके काळी नकाशावर कोराच होता. किनाऱ्यावरच्या गोऱ्यांची समजूत अशी, की आत नुसते डोंगर आहेत, माणूस राहत नाही. १९३० मध्ये मिक लेही नावाचा सोनं शोधणारा ऑस्ट्रेलियन सोबत्याला घेऊन वर चढला, आणि रात्री समोरच्या खोऱ्यात शेकोट्याच शेकोट्या. पुढच्या तीन वर्षांत कळलं, की आत जवळपास दहा लाख माणसं राहताहेत, शेती करताहेत, डुकरं पाळताहेत. तिकडच्या लोकांना वाटलं, आपले मेलेले पूर्वज गोरे होऊन परत आले. त्या भेटींचं चित्रीकरणही लेही बंधूंनी करून ठेवलं होतं.

आता १९३० साली जे पोर पाच-सहा वर्षांचं असेल आणि आईच्या मागे लपून ते गोरं भूत पाहत असेल, ते १९९० च्या मे महिन्यात पासष्टीला आलेलं असणार. त्याच गोरोकात, लेही घराण्यातल्याच एकाच्या नावाच्या मैदानावर, ग्रेट ब्रिटनचा संघ कसोटी खेळायला उतरला. मैदान भरून वाहिलं. आत न मावलेले लोक झाडांवर. बाहेर राहिलेल्यांनी दगड उचलले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि वाऱ्याने तो थेट खेळाडूंच्या अंगावर. डोळे पुसत सगळे खेळले. शेवटी कुमुल २०, ग्रेट ब्रिटन १८.

वहिनींनी टाळी वाजवली, पस्तीस वर्षांपूर्वीच्या सामन्याला.

"त्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल हो?"

"तो बाहेर झाडावर असेल."

"पासष्टीला झाडावर?"

"तिथल्या डोंगरातला माणूस आहे वहिनी, तुमच्या-माझ्यासारखा नव्हे."

इथे त्यांनी मला सुपारी दिली. तिकडची सवय. त्या देशात लहान-थोर सगळे सुपारी खातात, ओली आणि हिरवी. पानाऐवजी त्याच जातीच्या वेलीची लांबट शेंग चुन्यात बुडवून चावतात, की तोंड लाल. वहिनींना वाटलं होतं परक्या मुलखात जातोय. पहिल्याच बाजारात चुन्याची डबी दिसली आणि जीव भांड्यात पडला. सामन्याला तर चघळतच बसतात. मोर्सबीच्या नगरपालिकेने पिचकाऱ्यांना कंटाळून मध्यंतरी सुपारीविक्रीवर बंदीच घातली होती. तीही आपल्याकडच्यासारखीच टिकली म्हणे.

"पण तुम्ही ते राहूनच गेलंत," वहिनी म्हणाल्या, "हे लोक एकमेकांच्या गावी जातात कसे खेळायला? मोर्सबी राजधानी, पण तिथून लाएला रस्ता नाही. डोंगरात जायला रस्ता नाही. विमान किंवा बोट."

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्या देशातल्या लीगचा सगळा हिशेब यावर बसतो. १९९० मध्ये शहराशहरांची स्पर्धा सुरू झाली. गोरोका, माउंट हेगन, लाए, रबौल, मोर्सबी, एंगा, मेंडी. रबौलच्या संघाचं नाव 'गुरिया', म्हणजे भूकंप, आणि चारच वर्षांनी, १९९४ मध्ये, ज्वालामुखी फुटून अर्धं रबौल राखेखाली गेलं. संघ राहिला. डोंगरातले संघ महामार्गाने ये-जा करतात, बाकीच्यांना तिकीट काढून उडावं लागतं. घरच्या मैदानावर हरलं तर पंचांची धडगत नाही. जिंकलं तर पाहुण्या संघाच्या बसची नाही. दारूची कंपनी, मोबाईलची कंपनी असे प्रायोजक नसते तर एवढं विमानभाडं कुणी भरलं असतं?

इतक्या कष्टाने खेळून बाहेर पडलेली माणसं मात्र एकेक वल्ली आहेत. वहिनींचा लाडका स्टॅन्ली जीन. गोरोकाकडचा. १९९६ मध्ये इंग्लंडात हल किंग्स्टन रोव्हर्सकडे गेला आणि तिकडे दशकभराहून जास्त खेळत राहिला. त्याचं खरं वय किती, यावर इंग्लंडात विनोदांचा कारखाना चालायचा, कारण कागदावरचं वय कुणी खरं धरत नव्हतं.

"आमच्या सासूबाईंसारखं," वहिनी म्हणाल्या. "त्यांची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी ठरवलेली."

एड्रियन लॅम रबौलचा. कुमुलांचा कर्णधार, आणि वर क्वीन्सलँडकडून ओरिजिन खेळला, नुसता खेळला नाही, कर्णधारही झाला. त्या देशातली निम्मी जनता मरून का, याचं अर्धं उत्तर तिथे असावं असा माझा अंदाज. मार्कस बाई न्यू ब्रिटन बेटावरचा. १९९९ मध्ये मेलबर्न स्टॉर्मकडून सिडनीत ऑस्ट्रेलियन लीगची अंतिम फेरी जिंकला, एक लाख सात हजारांवर प्रेक्षकांसमोर. पुढे इंग्लंडात लीड्सकडून २००४ आणि ब्रॅडफर्डकडून २००५, दोन वर्षांत दोन निरनिराळ्या क्लबांकडून अजिंक्यपद.

"आणि जस्टिन ओलम! तो आमच्या जावयाच्या गावात शिकला हो, लाएच्या तंत्रविद्यापीठात. फिजिक्स! चिंबूच्या डोंगरातला पोरगा. शिकून मग खेळायला लागला. २०२० मध्ये मेलबर्नकडून लीग जिंकला, पुढच्या वर्षी आपल्या जागेवरचा सर्वोत्तम ठरला. जावई वर्गात सांगतात, बघा, फिजिक्सने कुणाचं वाईट होत नाही."

"पोरं काय म्हणतात?"

"म्हणतात, सर, मैदानावर सोडा."

देशाला 'हंटर्स' नावाचा संघ मिळाला २०१४ मध्ये. क्वीन्सलँडच्या राज्यस्पर्धेत त्यांना जागा मिळाली. बाकी सगळे संघ ऑस्ट्रेलियातले, हे एकटे समुद्रापलीकडचे. दर दुसऱ्या आठवड्याला परदेशप्रवास. मोर्सबीचं मैदान पाडून नवं बांधत होते, म्हणून सुरुवातीचे घरचे सामने रबौलजवळ कोकोपोला. खेळाडू बहुतेक देशातल्या देशातच घडलेले, पगार जेमतेम. २०१७ च्या सप्टेंबरात ब्रिस्बेनला अंतिम सामना, सनशाइन कोस्टशी. शेवटच्या मिनिटांपर्यंत मागे होते. मग विली मिनोगाने चेंडू टेकवला, कर्णधार आसे बोआसने लाथ बरोबर घातली आणि १२–१० ने जिंकले. त्याच वर्षी विश्वचषकाचे तीन सामने मोर्सबीत झाले आणि कुमुलांनी तिन्ही जिंकले. वेल्सला ५०, अमेरिकेला ६४, आयर्लंडला थोडक्यात. पुढे मेलबर्नला इंग्लंडने धुतलं, ३६–६. पण २०१९ मध्ये ग्रेट ब्रिटनचा संघ पुन्हा मोर्सबीला आला आणि २८–१० ने हरून गेला. साथीच्या काळात, २०२१ मध्ये, हंटर्सनी बायकापोरांना मागे ठेवून सगळा हंगाम ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला काढला.

वहिनींना हंटर्सचं कौतुक आहे, पण त्यांचा जीव बायकांच्या संघात. 'ऑर्किड्स' म्हणतात त्यांना. २०१७ च्या विश्वचषकासाठी पहिल्यांदा उभा केला. त्यावर 'पॉवर मेरी' नावाचा माहितीपट आहे, लेकीने तो वहिनींना दाखवला. "मेरी म्हणजे बाई तिकडे. घरी मार खाणाऱ्या बायकांचा देश आहे तो भाऊजी, मला साखर लावून सांगायचं नाही. त्या देशात मुलीने चड्डी घालून पुरुषांचा खेळ खेळायचा. पहिल्यांदा उतरल्या तेव्हा घरच्याच लोकांनी हुर्यो केली. पहिल्या विश्वचषकात सगळे सामने हरल्या. आणि पुढच्यात उपांत्य फेरी!"

ते २०२२ मध्ये, इंग्लंडात. कॅनडा आणि ब्राझीलला हरवून. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने ८२–० केलं, हा आकडा मी सांगितला तेव्हा वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा कात्री उचलली. कर्णधार एल्सी आल्बर्ट ऑस्ट्रेलियाच्या महिला लीगमध्ये खेळते. वहिनींच्या मते तिचा फोटो त्या देशाच्या नोटेवर हवा.

"बरं, ती टीम का देतायत ते राहिलंच की."

आता वहिनी कुंपणाच्या अगदी जवळ आल्या. बातमी जगभर छापून आलेली असली तरी आवाज खाली आणल्याशिवाय ती त्यांना सांगता येत नाही.

"चीन!"

खरंच तसं आहे. २०२२ मध्ये शेजारच्या सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला आणि कॅनबेराची झोप उडाली. पापुआ न्यू गिनीला चिनी पोलीस, चिनी बंदर अशी आमिषं दिसायला लागली तर? मदतीचे धनादेश चीनही लिहू शकतो. चीन देऊ शकत नाही अशी एकच गोष्ट ऑस्ट्रेलियाकडे आहे, ती म्हणजे रग्बी लीग. १२ डिसेंबर २०२४ ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बनीझी आणि मारापे यांनी जाहीर केलं, की २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ ऑस्ट्रेलियाच्या मुख्य लीगमध्ये खेळेल. दहा वर्षांत साठ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, त्या वेळच्या भावाने तीन हजार कोटी रुपयांच्या वर. त्यातला काही वाटा इतर प्रशांत बेटांतल्या खेळासाठी. सोबत अशीही अट असल्याच्या बातम्या आल्या, की सुरक्षेच्या बाबतीत दुसरीकडे सोयरीक केली तर टीम परत. २०२५ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांचा संरक्षण करार झाला, त्याचं नाव 'पुकपुक', मगर. संघाचं नाव ठरलं 'चीफ्स'.

"सोयरीकच आहे ही," वहिनी म्हणाल्या. "हुंड्यात टीम."

"आणि इस्पितळं?"

मी हे बोलायला नको होतं असं नाही, पण वहिनी चिडल्या. मी म्हणत होतो ते एवढंच, की १० जानेवारी २०२४ ला पोलिसांच्या पगारातून रक्कम कापली गेली, पोलीस काम सोडून बसले आणि दुपारपर्यंत मोर्सबीत दुकानं लुटली, जाळली गेली. लाएतही लूट झाली. वीसहून जास्त माणसं गेली. पुन्हा पगारच. हडर्सफील्डला बुडालेल्या मजुरीवरून एक खेळ जन्मला, मोर्सबीत कापलेल्या पगारावरून शहर पेटलं. त्या शहरात तीन हजार कोटींचा खेळ नेऊन ठेवायचा, तर त्यातून पोलिसाला आणि नर्सला काय मिळणार, हे विचारायला नको?

"त्या दिवशी मी इथे फोन धरून बसले होते," वहिनी म्हणाल्या. "लेक दार लावून आत. तेव्हा मला सांगू नका तिथे काय होतं. पण त्या साठ कोटी डॉलरची इस्पितळं झाली असती असं वाटतं का तुम्हाला? ते पैसे इस्पितळाच्या नावाने निघालेच नसते. खेळाच्या नावाने निघाले, चीनच्या भीतीने निघाले. घ्यावेत. त्या पोरांना बाटलीऐवजी चेंडू तरी मिळेल."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि पटलंही नाही. इस्पितळाच्या नावाने पैसे निघत नाहीत म्हणून चेंडूच्या नावाने निघालेले गोड मानून घ्यायचे, हा हिशेब मला पचत नाही. त्यांच्या लेकीला तिथे राहायचंय, मला नाही, एवढा फरक मात्र मान्य.

"पण सिडनीची पोरं येतील का तिथे राहायला?" मी विषय बदलला. "बायको म्हणेल, मोर्सबी? शाळा कुठली, फिरायचं कुठे?"

"त्याची सोय केलीय ना. खेळाडूंना वेगळी वसाहत बांधणार, भिंत, पहारा, पोहायचा तलाव. म्हणजे पुन्हा साहेबांचं वेगळं आणि यांचं वेगळं, नाही का? ते मला नाही आवडलं. पण येतील हो पोरं. आयकर माफ आहे."

"कुणाला?"

"तिथं राहून त्या टीमकडून खेळणाऱ्याला. एक पैसा कर नाही, सरकारने ठरवलंय तसं." वहिनींनी मेंदीची एक फांदी माझ्या बाजूने आपल्या बाजूला ओढली आणि म्हणाल्या, "आणि आमचे जावई भर उन्हात थर्मोडायनॅमिक्स शिकवून कर भरतात. मी लेकीला सांगून आलेय, अजून त्यांची पस्तिशी उलटलेली नाही, २०२८ ला वेळ आहे, म्हणावं जरा व्यायामाला लागा."